गळालेला आठ

कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रस्त्यालगतच्या घरात, ओसरीवर मी गणिताची शिकवणी घ्यायचो. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या संख्येचं गूढ उलगडणारे द. रा. कापरेकर माझं दैवत. त्यांच्या डेमलो संख्या मी मुलांना फार हौसेने दाखवायचो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असं करत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. पोरं हरखून जायची. मीही.

एके दिवशी कुणीतरी विचारलं, "सर, दहा एक घेतले तर?" मी क्षणभरही न थांबता फळ्यावर लिहिलं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मधे दहा येणार, हे मला इतकं उघड वाटलं की गुणाकार करून पाहावा असं मनातही आलं नाही. वर नऊचा ताळा घेतला. अंकांची बेरीज ९१, म्हणजे १. मूळ संख्येची १०, म्हणजे १. ताळा जमला!

मागे बसणाऱ्या एका मुलाने मात्र वहीत आडवा-उभा गुणाकार मांडला होता. त्याचं उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मी वही घेतली, त्यात आठ एकदाच दिसला, मधे दोन शून्यं दिसली, आणि लाल फुली मारली. "हातचा चुकला तुझा," म्हणालो. तो म्हणाला, "सर, उत्तर एकोणीसच अंकी यायला पाहिजे ना?" मी त्याला खाली बसवलं.

रात्री झोप येईना, म्हणून कागद घेतला. मधल्या रकान्यात दहा एक जमतात. शून्य खाली, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळाला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. मग आठाचा नऊ होतो. आठ गळतो तो इथे. हातचा माझाच राहिला होता. नऊच्या ताळ्याला ही चूक सापडणारच नव्हती, कारण दहाच्या जागी हातचा एक घेतला तरी नऊने भागून उरणारी बाकी बदलत नाही. अकराची कसोटी लावली असती तर लगेच कळलं असतं: दहा एकांच्या संख्येला अकराने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गालाही जायलाच हवा. माझ्या उत्तरात एकाआड एक अंकांच्या बेरजा ४५ आणि ४६ येत होत्या. त्याच्या उत्तरात ४१ आणि ४१.

इथवर चूक गणिताची होती. खरी चूक मी तिसऱ्या दिवशी केली. फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं, हातच्याची सगळी गंमत रंगवून सांगितली, पण ते कुणी काढलं होतं हे सांगितलं नाही. पोरं पुन्हा हरखली. तो मुलगा मान खाली घालून फळ्यावरचं उतरवून घेत होता. तेच उत्तर त्याच्या वहीत आदल्या पानावर होतं, माझ्या लाल फुलीसकट.