खोक्यातली चिठ्ठी

तेवीस कॉम्प्युटर आणि कॅडची सीडी एकच. तिच्या पाकिटावर बॉलपेनने लिहिलेला सीरियल नंबर मला तोंडपाठ होता. नवा मुलगा कामाला लागला की मी तो त्याला उभ्या उभ्या सांगायचो, वर थोडा भावही खायचो. भोसरीतल्या आमच्या गाळ्यात ही लपवण्यासारखी गोष्ट आहे असं कधी कुणाला वाटलंच नाही. कुणी आमचं एक ड्रिल उचललं असतं तर मी पोलीस चौकीत जाऊन बसलो असतो. सॉफ्टवेअरचा हिशेब मात्र वेगळा होता. ती कंपनी गडगंज, आपण गाळेवाले, आणि कॉपी केली म्हणून त्यांच्या घरातलं काय कमी झालं?

त्यांचे मेल येत होते, मी उघडत नव्हतो. मग वकिलाची नोटीस आली. आमच्या वकिलांनी कॉपीराइट कायद्यातलं कलम 63 ब समोर ठेवलं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर कैद कमीत कमी 7 दिवस, जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि दंड 50 हजार ते 2 लाख रुपये. मी समजत होतो की कायदा सीडी विकणाऱ्यासाठी आहे. वापरणाऱ्यासाठी स्वतंत्र कलम आहे, हे पन्नाशीला टेकल्यावर कळलं. तडजोड झाली, आठ लायसन्स विकत घेतली. उरलेल्या पंधरा मशीनवर कॅडची गरजच नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं. एकूण किती गेले ते इथे लिहीत नाही. बायकोलाही पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

त्या तिरमिरीत मी जाहीर करून टाकलं की यापुढे आपल्याकडे सगळं ओपन सोर्स. लायसन्सची कटकट कायमची संपली. माझी खरी चूक ही दुसरी, आणि हे मनोगत तिच्याबद्दलच आहे.

ऑफिसात बदल झाला तो निम्मा. पत्रं आणि कोटेशनं लिब्रेऑफिसवर गेली. जुन्या मराठी नोटिसा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या होत्या, तो फॉन्टही कुणाच्या तरी मशीनवरून उचललेला. नव्या मशीनवर ‘सूचना’ उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. त्या सगळ्या मुक्ता फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केल्या. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतो. टॅलीचं नाव काढल्यावर मात्र अकाउंटंट काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “साहेब, या महिन्याचा जीएसटी तुम्ही भरताय का?” त्यांचं विंडोजचं मशीन अजून त्याच कोपऱ्यात आहे, रीतसर लायसन्ससकट.

खरी गंमत झाली ती मालात. आम्ही एक खोकं बनवतो. राजकारणातलं नव्हे, पत्र्याचं. कारखान्यातल्या वीज मीटरची रीडिंग घेऊन ते सर्व्हरला पाठवतं. आत एक तयार बोर्ड, त्यावर लिनक्स, बिझीबॉक्स आणि आमचा स्वतःचा प्रोग्रॅम. एका जर्मन गिऱ्हाइकाला नमुने आवडले, ऑर्डर तोंडावर आली, आणि त्यांच्या खरेदी विभागाचा मेल आला: आतल्या प्रत्येक ओपन सोर्स घटकाचं नाव, आवृत्ती आणि लायसन्स कळवा, जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालच्या घटकांचा सोर्स कसा देणार तेही कळवा.

मी भडकलो. फुकट वाटलेली गोष्ट आम्ही घेतली, तिचा हिशेब मागणारे हे कोण? आमच्याकडे दोन वर्षं काम केलेली एक इंजिनिअर मुलगी समोर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “सर, त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण परवानगी अटीवर दिलीये. अट मोडली की परवानगी आपोआप जाते. मग आपण परत त्या सीडीवरच आलो ना?”

सीडीचा किस्सा मीच तिला रंगवून सांगितला होता. त्या संध्याकाळी मी जीपीएलचा 1991 सालचा मसुदा पहिल्यांदा वाचला. वकिली इंग्रजी, पण मतलब सरळ. बदल करा, विका, हवे तेवढे पैसे घ्या. मात्र ज्याला वस्तू देता त्याला त्या भागाचा पूर्ण सोर्सही द्या, तो बिल्ड करायच्या स्क्रिप्टसकट. सोबत देत नसाल तर मागेल त्याला देण्याची लेखी हमी द्या, निदान तीन वर्षांची. चौथ्या कलमात, ती म्हणाली तसंच, अट मोडली की हक्क संपले. जर्मन मंडळी एवढी काटेकोर का, तेही तिनेच सांगितलं. 2004 साली हाराल्ड वेल्टे नावाच्या लिनक्सच्या एका प्रोग्रॅमरने म्युनिकच्या कोर्टात जाऊन, जीपीएल न पाळणाऱ्या राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. माल विकायलाच मनाई. आमचं गिऱ्हाईक घाबरलं तर त्यात नवल नव्हतं.

यादी करायला दोन दिवस लागतील असं मला वाटलं होतं, लागले तीन आठवडे. विकलेल्या खोक्यांतलं फर्मवेअर ज्या लॅपटॉपवर बिल्ड झालं होतं तो फॉरमॅट झालेला, आणि ते करणारा मुलगा नोकरी सोडून बंगळूरला गेलेला. म्हणजे सोर्स द्यायची दानत असली तरी नेमका सोर्स कुठला, हेच आम्हाला माहीत नव्हतं! बोर्डवाल्याकडे लिनक्सच्या कर्नलमधले त्याचे बदल मागितले; पाचव्या मेलला एक झिप फाईल आली. त्याहून वाईट प्रकार आमच्याच प्रोग्रॅममध्ये निघाला. सेटिंगच्या स्क्रीनवर बाणाची कळ दाबून आधीची कमांड परत यावी, एवढ्यासाठी कुणीतरी रीडलाइन ही लायब्ररी जोडली होती. ती जीपीएलखाली आहे. ती जोडून प्रोग्रॅम विकायचा तर आमचा अख्खा प्रोग्रॅमच जीपीएलखाली द्यावा लागला असता. एका बाणाच्या कळीपायी! ती काढून बीएसडी लायसन्सची लिबएडिट बसवली. तिची मागणी एवढीच की कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा.

माझ्या भागीदाराचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. “सोर्स दिला तर उद्या चाकणला कुणीतरी हेच खोकं काढेल.” आम्ही बसून मोजलं. मीटर वाचणारा आमचा प्रोग्रॅम कर्नलवर वेगळा चालतो, तो आमचाच राहतो. देण्यासारखे होते ते कर्नलमधले आमचे बदल, सुमारे 140 ओळी, आणि त्यातल्या निम्म्या बोर्डवाल्याच्या निघाल्या. इतकी वर्षं आम्ही ज्याला गुपित समजून जपत होतो ते एवढंच.

मी ओपन सोर्सचा भक्त झालेलो नाही. कॅड अजून विकतचंच वापरतो, कारण आमच्या डायवाल्याला त्याच फाईल लागतात. पण विकतचं म्हणजे लायसन्स आणि ओपन म्हणजे मोकळं रान, ही माझ्या डोक्यातली फाळणी मोडली. विकतच्या सॉफ्टवेअरला बिल असतं, वर्षातून एकदा चेक फाडला की विसरता येतं. इथे बिल नाही, म्हणून वहीच ठेवावी लागते. नोटीस आल्यावर मला कमी राग आला असता तर हे मला आधी दिसलं असतं बहुधा. ती मुलगी आता आमच्याकडे फर्मवेअर सांभाळते. तिच्या सहीशिवाय नवी लायब्ररी आत येत नाही, माझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.

आता प्रत्येक खोक्यात वॉरंटी कार्डामागे एक चिठ्ठी जाते, सोर्स हवा असल्यास या पत्त्यावर लिहा म्हणून. आजवर मागणी एकच आली, एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याची. त्याला पेन ड्राइव्ह पाठवला. लायसन्सप्रमाणे खर्च घेता आला असता, घेतला नाही.

तुमच्याही मालात लिनक्स असेल तर एवढं करा. गेल्या वर्षी पाठवलेलं फर्मवेअर आज जसंच्या तसं पुन्हा बिल्ड करून दाखव, असं तुमच्या इंजिनिअरला सांगा. तो राजीनामा देण्याआधी सांगा.