वाऱ्याला वाट, लाटेला भिंत

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा डोंगर समुद्रात घुसलेल्या द्वीपकल्पावर एकटाच उभा आहे. काळ्या बेसॉल्टचा, ५५६ मीटर उंचीचा, अंगाला सरळसोट कडे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. दगड तोच, कडे तसेच. फक्त पायथ्याला भातखाचरांऐवजी पाणी आहे, आणि ते पाणी कोकणातल्या कुठल्याच पाण्यासारखं नाही. किनाऱ्याजवळ फिकट हिरवं, थोडं पुढे निळं, मग एक लांबलचक पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे काळसर निळा हिंदी महासागर. लगून म्हणतात ते या रेघेच्या अलीकडचं पाणी. रेघ म्हणजे प्रवाळभिंत.

मे ते ऑक्टोबर हा इथला वाऱ्याचा हंगाम. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे या महिन्यांत जोर धरतात आणि ताशी तीस-चाळीस किलोमीटरने दिवसभर वाहत राहतात. एवढा वारा कोकणात सुटला की होड्या वर ओढून ठेवतात, कारण आपल्याकडे वारा आणि लाट ही जोडीनेच येतात. इथे वाऱ्याने सुरूच्या झाडांच्या फांद्या एका बाजूला झुकलेल्या, टोप्या उडालेल्या, तोंडात वाळूची कचकच, आणि समोरच्या पाण्यावर नुसत्या बारीक सुरकुत्या. लाट मोठी व्हायला लांबवर मोकळं पाणी लागतं, खोली लागते. लगूनमध्ये दोन्ही नाही. बाहेरून हजारो किलोमीटर चालून आलेली लाट भिंतीवर फुटते, वारा मात्र तिच्यावरून सरळ आत येतो. लाटेला अडवलं आणि वाऱ्याला सोडलं, एवढ्यावर इथला सगळा खेळ उभा आहे.

म्हणून या जागेला शांत म्हणवत नाही. कान दिले तर दूरवरचा गडगडाट एकसारखा ऐकू येतो. आपण सपाट पाणी पाहत असतो तेव्हा तिकडे कुणीतरी अखंड मार खात असतं.

काइटसर्फिंगसाठी ही भारी सोय आहे. एरवी पतंग म्हणजे आपल्या दृष्टीने संक्रांत, मांजा, ढील, काटाकाटी. इथला पतंग नऊ किंवा बारा चौरस मीटरचा. कमरेच्या पट्ट्याला हुकाने अडकवलेली दांडी, तिच्यापासून वर गेलेल्या वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या आणि पायाखाली फळी. दांडी अंगाकडे ओढली की ओढ वाढते, दूर लोटली की कमी होते. बरोबर डोक्यावर असलेला पतंग जवळजवळ निरुपद्रवी असतो. तोच पतंग वारा जातो त्या बाजूला खाली आणला तर माणसाला फळीसकट पाण्यावरून उचलून फेकतो. नवशिक्या घाबरला की हातातली दांडी आवळून धरतो, म्हणजे नेमकं करू नये तेच करतो. शिकवणारे दिवसभर ओरडत असतात ते याच्यासाठी: सोडा, दांडी सोडा!

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या ब्रुनो आणि दोमिनिक लगैन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. वरवर पाहता साधी गोष्ट. पण त्याआधी पाण्यात पडलेला पतंग भिजून बसायचा आणि खेळ तिथेच संपायचा. फुगवलेल्या कडेचा पतंग तरंगतो, आणि दोऱ्यांना हिसका देऊन पाण्यातूनच पुन्हा उठवता येतो. ज्यात पडणं रोजचंच, असा हा खेळ त्या एका सोयीने लोकांच्या आवाक्यात आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या. स्वस्त मात्र तो कधीच झाला नाही. ल मोर्नच्या वाळूवर पसरलेल्या एकेका पतंगाच्या किमतीत आपल्याकडे चांगली दुचाकी येते.

पाहणाऱ्याला फुकट करमणूक आहे. पंपाने हवा भरणारे, वाळूवर दोऱ्या पसरून गुंता तपासणारे, पतंग उडून जाऊ नये म्हणून त्याच्यावर वाळूचा ढीग टाकणारे. ओळख ना पाळख, शेजारचा माणूस येऊन तुमचा पतंग कडेला धरून उभा राहतो. तुम्ही अंगठा दाखवला की तो सोडतो आणि आपल्या वाटेने जातो. पुढे पाण्यात फळीची कड रुतवून माणूस वाऱ्याला तिरका कापत निघतो. खवळलेल्या पाण्यावर ही कड क्षणाक्षणाला सुटते. इथे ती धरून राहते, आणि जवळून गेलेल्या फळीचा नुसता सर्र आवाज येतो.

पण एक जागा सांभाळायची. भिंतीवरून उडून आत पडलेलं पाणी कुठून तरी बाहेर जायलाच हवं. ते जातं भिंतीतल्या खिंडींतून, आणि तिथे समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो. वाऱ्याकडे लक्ष देता देता नवखा माणूस सपाट पाण्यावरूनच तिथे पोचतो. खिंडीपलीकडे वन आय नावाची प्रसिद्ध लाट फुटते. निष्णात मंडळी मुद्दाम तिच्यावर जातात, बाकीच्यांना बोटीने आणावं लागतं.

भिंत सगळं अडवते असंही नाही. २०२० च्या जुलैत वाकाशिओ हे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये पसरलं. तेव्हा लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. या बेटाचा इतिहास लिहिणाऱ्याला ऊस टाळता येत नाही. त्याच्यापायी आणलेल्या माणसांची पतवंडं त्याच उसाचं पाचट शिवत बसली होती.

ल मोर्नवरचा खेळ डोंगराकडे पाठ करून पाहता येतो, आणि बहुतेक जण तसंच पाहतात. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्यांवरच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहत. आफ्रिकेहून आणि मादागास्करहून त्यांना आणणारी जहाजं शिडांची होती, वाऱ्यावर चालणारी. १ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी कायद्याने संपली. ती बातमी सांगायला वर चढणाऱ्या शिपायांना पाहून, हे धरायलाच आले असं समजून, वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २००८ मध्ये हा डोंगर जागतिक वारसा झाला. दर १ फेब्रुवारीला लोक पायथ्याच्या स्मारकापाशी जमतात. अशा डोंगराखाली खेळू नये असं मला वाटत नाही. उलट तिथल्या काइटसर्फिंगच्या शाळांत शिकवणारी क्रिओल मुलं त्या डोंगराला जितकं ओळखतात तितकं आपण ओळखणार नाही. खटकतात ती जाहिरातींतली छायाचित्रं. त्यांत डोंगर पडद्यासारखा मागे टांगलेला असतो, नावगाव नसलेला.

गुलामगिरी उठण्याच्या सुमारासच, १८३४ पासून, भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागले. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातले लोक होते. त्यांची झाकडी अजून इथे नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. चतुर्थी येते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे कोकणात पावसात आणि इथे ऐन वाऱ्यात. रत्नागिरीकडे विसर्जनाला निघण्याआधी भरतीची वेळ विचारतात, कारण तिथे उधाणाला पाणी दोन मीटरहून जास्त चढतं. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. वेळ कुठलीही चालते. चिंता करायची ती वाऱ्याची. अशा वाऱ्यात किनाऱ्यावर आरतीचं निरांजन पेटतं ठेवायचं तर चार जणांचा आडोसा हवा, आणि तेवढ्यात कुणाचं तरी उपरणं हमखास उडणार.