डावखुऱ्याचा कांबळी

जबलपूर तसं हॉकीचं गाव. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंग १९०८ साली इथेच जन्मले. आमच्या मराठी घरात मात्र मुंबईचं क्रिकेट चालायचं. बाबा खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, मी शाळेत आणि डावखुरा. १९९३ च्या फेब्रुवारीत विनोद कांबळीने वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ धावा केल्या आणि मला माझा माणूस सापडला. पुढच्याच कसोटीत, दिल्लीला, झिम्बाब्वेविरुद्ध २२७. मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. स्पिनरला पुढे सरसावून तो असा उचलायचा की बघणाऱ्याच्या अंगात वीज भरावी. शारजात १९९४ साली शेन वॉर्नच्या एका षटकात त्याने २२ धावा काढल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीत आम्ही प्रत्येक चेंडू पुढे येऊनच मारला.

१९९५ च्या नोव्हेंबरात कटकला तो शेवटची कसोटी खेळला. वय २३, सतरा कसोट्या, सरासरी ५४.२०. त्यानंतर आत्याने एक वाक्य धरलं: "सचिनसारखा हो बाळा, कांबळीसारखा नको." मला त्या वाक्याचा राग यायचा, अजून येतो. १९८८ साली शाळांच्या हॅरिस शिल्डमध्ये या दोघांनी ६६४ धावांची भागीदारी केली, त्या डावात ३४९ कांबळीच्या होत्या. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या हाताखाली दोघंही सारखेच राबले. अशा खेळाडूचा पोरांना धाक दाखवायचा?

पण त्याच्या चुकाही मी नाकारत नाही. दारूबद्दल तो स्वतःच मुलाखतींत बोलला आहे. २००९ मध्ये टीव्हीवर त्याने म्हटलं की सचिनने मला सावरायला आणखी काही करायला हवं होतं. ते मला फार लागलं. मित्राकडे असा जाहीर हिशेब मागणं मला पटलं नाही. आपल्या आयुष्याची जबाबदारी ज्याची त्याची. तरी "दारूने खेळ घालवला" एवढ्यावर सगळं उरकणाऱ्यांशी मी भांडतो. १९९४-९५ ला वेस्ट इंडीजच्या आखूड, उसळत्या माऱ्यापुढे तो चाचपडला, हे क्रिकेटचं कारण होतं. आणि चोपन्नच्या सरासरीच्या तेवीस वर्षांच्या पोराला कसोटीत परतायची संधीच मिळाली नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता सकाळी जबलपूरच्या राइट टाऊनला मी पोरांना क्रिकेट शिकवतो. त्यांच्यातला एक डावखुरा मोबाइलवर कांबळीचे व्हिडिओ बघून आला. म्हणाला, "दादा, माझे पप्पा म्हणतात, याचं नाव घेऊ नकोस." मी म्हटलं, "नाव घे. पाय कसे चालतात ते बघ. पप्पा दारूबद्दल सांगतात तेही खरंच आहे, तेही ऐक." मग टेनिसचे चेंडू ओले केले आणि त्याला अर्धा तास फक्त छातीवर येणारे टाकले.