डोक्याचा घेर



गुणवत्तेचा टोमणा कुणी मारला की आपण घटना काढतो, मनुस्मृती काढतो, भांडतो. भांडलंच पाहिजे. पण त्या भांडणात आईचं पोट कधी येत नाही.

१९७२ च्या दुष्काळात माझा धाकटा भाऊ मायच्या पोटात होता. आमचं हिमायतनगर तेव्हा हदगाव तालुक्यात. नववा लागला तरी माय खडी फोडत होती. खायला मिलोची लाल भाकर. कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून ती आमच्यासाठी घरी आणायची. लेकरू झालं ते मुठीएवढं. वजन कुणी केलं नाही, सुईणीपाशी काटा कुठला? पुढं शाळेत मास्तरनं त्याची पाटी पाहिली अन् म्हणाला, "तुमच्यात डोकं नसतंच."

एका लेकरावरून शास्त्र ठरत नाही. मास्तरनं मात्र अख्खी जात ठरवून टाकली.

शास्त्र वेगळं सांगतं. पोटातल्या लेकराला अन्न आणि प्राणवायू वारेतून जातो. आई उपाशी, अंगात रक्त नाही, किंवा रक्तदाब वाढून वारच नीट वाढली नाही, की हा पुरवठा आटतो. मग लेकराचं शरीर आतल्या आत हिशेब करतं. हातापायाचं, पोटाचं रक्त तोडून मेंदूकडं वळवतं. म्हणून अशी लेकरं जन्मतात तेव्हा अंग काडीसारखं आणि डोकंच तेवढं मोठं दिसतं. डॉक्टर लोक बरेच दिवस समजत होते की मेंदू वाचला. पुरता वाचत नाही. मेंदूच्या बहुतेक पेशी पहिल्या साडेचार-पाच महिन्यांत तयार होतात. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूला घड्या पडतात, पेशी एकमेकींना जोडल्या जातात, वजन दुपटीच्या वर जातं. नेमकी तेव्हाच उपासमार झाली तर जोडण्या कमी पडतात, आठवण धरून ठेवणारा भागही लहान राहू शकतो. पुढं लक्ष टिकणं, भाषा, गणित यांत अडचण येऊ शकते. येतेच असं नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. काय खाल्लं एवढंच विचारलं नाही, किती राबल्या तेही मोजलं. पाणी भरणं, धुणं, शेतातलं काम, सगळं. २००३ साली छापून आलं : जास्त राबणाऱ्या बायांची लेकरं वजनानं कमी भरली, आणि त्यांच्या डोक्याचा घेरही कमी भरला. त्याआधी हेही दिसलं होतं की पालेभाजी, फळं नेमानं खाणाऱ्यांची लेकरं थोराड होती. म्हणजे प्रश्न रक्ताचा नाही, हंड्याचा आहे. आणि हंडा किती लांबून आणायचा हे आपल्याकडं जातच ठरवत आली.

घेर कमी म्हणजे अक्कल कमी, असं ओरडणारे भेटतील. त्यांना सांगा, जन्मल्यावर दोन वर्षं मेंदू झपाट्यानं वाढतो. अंगावरचं दूध, पोटभर अन्न, बोलणं-खेळणं मिळालं तर अशी पुष्कळ लेकरं भरून काढतात. जन्मजात असतं तर भाकरीनं बदललं असतं का?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक उचलून धरलं. बाळंत होण्याआधी बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला, तो कारखान्यातल्या बाईपुरता. आमचा मुलूख निजामाचा, आणि आमच्या बाया रानात. कापूस वेचणाऱ्या बाईला पगारी रजा देणारा मालक मी हिमायतनगरात अजून पाहिला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६००० रुपये लिहिलेत. २०१७ ची योजना आली ती पहिल्या लेकरापुरती, ५००० ची!

सरकारला शिव्या घालणं सोपं. घरात काय चालतं? माय म्हणायची, "लई खाल्लं की लेकरू मोठं होतंय, मग अडतंय." अजूनही सुना हेच ऐकायल्या. जयंतीच्या वर्गणीवर रात्रभर बोलणारा कार्यकर्ता घरी येतो, गरम भाकर खातो, आणि पोटुशी बायको शेवटी बसते. उरलं तर खाते.

पुढच्या बैठकीला येताना वस्तीत जरा फिरून या. गरोदर बाया किती, त्यातल्या पाणी भरणाऱ्या किती, नळ किती पावलांवर, ते मोजून आणा. सुरुवात स्वतःच्या घरापासून करा.