आधी परवानगी

पडदा बघून स्वतःच माउस हलवणारं, फॉर्म भरणारं मॉडेल शिकवायचं तर माणसांचे स्क्रीनशॉट आणि क्लिक हवेत. २०२४ च्या 'ओएसवर्ल्ड' चाचणीतल्या ३६९ कामांपैकी माणसांना सुमारे ७२ टक्के जमली, तेव्हाच्या सर्वोत्तम मॉडेलला जेमतेम १२.

म्हटलं, ऑफिसातल्यांचेच पडदे रेकॉर्ड करू! पण जर्मनीत १९७२ च्या कायद्यानुसार, कर्मचाऱ्यांवर नजर ठेवू शकेल अशा यंत्रणेला 'बेट्रीब्सराट'ची, म्हणजे त्यांच्याच निवडून आलेल्या मंडळाची, संमती लागते. आधी मी वैतागलो.

मग बिलं नोंदवणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "माझं काम त्याला मीच शिकवायचं, आणि नंतर मी काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. असो. मंडळ आहे, ते बरंच आहे.