अपील मंडळ, मुक्काम जिनिव्हा

जागतिक व्यापार संघटनेच्या घरात खमकं असं हे एकच. बाकी सगळा कारभार सर्वसंमतीचा: दर दोन वर्षांनी भरणारी मंत्रिपरिषद असो की एरवी तिचं काम पाहणारी सर्वसाधारण परिषद, १६६ सदस्यांपैकी एकानं हरकत घेतली की घोडं अडलंच. संघटनेबरोबर १९९५ साली जन्मलेल्या अपील मंडळाला मात्र उलटं वरदान मिळालं. त्याचा निकाल फेटाळायचा तर सगळ्यांनी मिळून ‘नाही’ म्हणायचं, खटला जिंकलेल्यानंसुद्धा. असा उदार पक्षकार कुठून आणणार?

सात सदस्य, प्रत्येकाची मुदत चार वर्षं, ती फार तर एकदा वाढणार. एका खटल्याला तिघं बसणार. स्वभाव काटेकोर, जरा पाल्हाळिक. ९० दिवसांत निकाल द्यायचं बंधन पुढे पुढे पाळवेना. पण भीड कुणाची नाही. पहिलंच अपील पेट्रोलचं, तक्रारदार व्हेनेझुएला आणि ब्राझील. १९९६ मध्ये अमेरिका हरली.

अँटी-डम्पिंगच्या खटल्यांत ती पुढेही हरत राहिली. मंडळ नियमांचा अर्थ लावत नाही, नवेच नियम घडवतं, हा तिचा आक्षेप. तो अगदीच पोकळ होता असं मला वाटत नाही. उपाय मात्र जालीम निघाला. निकाल अडवता येत नसला तरी सदस्य नेमायला सर्वांचा होकार लागतो, आणि अमेरिकेनं तोच दिला नाही. मुदती संपत गेल्या, जागा रिकाम्या राहिल्या. १० डिसेंबर २०१९ला भारताचे उजल सिंग भाटिया आणि अमेरिकेचे थॉमस ग्रॅहम यांची मुदत एकदमच संपली. उरल्या चीनच्या हाँग झाओ, आणि एकटीला खटला ऐकता येत नाही. वर्षभरात त्याही गेल्या.

बरं, मंडळ मेलं म्हणावं, तर अपील आजही दाखल होतं. ऐकायला कुणी नसल्यामुळे खालच्या पॅनेलचा निकाल तसाच लटकतो, आणि हरलेल्याचं फावतं. आपणही त्यात आलो. उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आणि साखरेची निर्यात अनुदानं यांवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या बाजूनं निकाल लागला, तेव्हा डिसेंबर २०२१मध्ये भारतानं याच रिकाम्या मंडळाकडे अपील केलं. कोल्हापूर-सांगलीत ज्या एफआरपीसाठी आंदोलनं होतात, तिचा जिनिव्हातला खटला असा न ऐकता पडून राहिला. युरोपीय संघ, चीन, ब्राझील वगैरेंनी २०२० मध्ये आपसांत लवादाची पर्यायी सोय करून घेतली. तिच्यात अमेरिका नाही, भारतही नाही.