ऑपरेशनआधीची गुंगी आणि नंतरची कळ

ऑपरेशनच्या आदल्या रात्री दिली जाणारी अल्प्राझोलामची गोळी आणि टेबलावर घेतल्यावर शिरेतून दिले जाणारे मिडाझोलाम ही एकाच कुळातली औषधे. मेंदूतल्या ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम ती वाढवतात. भीती ओसरते, ग्लानी येते, पुढच्या काही वेळातले बरेचसे आठवत नाही. वेदना मात्र ती शमवत नाहीत. गुंगीचे इंजेक्शन मिळाले म्हणजे दुखण्याचीही सोय झाली, असे शिरूर-दौंडकडचे पुष्कळ नातेवाईक धरून चालतात.

प्रस्तुत लेखकाचे हर्नियाचे ऑपरेशन दौंडच्या एका खासगी दवाखान्यात झाले, तेव्हा हा फरक अंगावर उमटला. मिडाझोलाम गेल्यावर दोन-तीन मिनिटांत डोक्यावरच्या दिव्याची धास्ती गेली. कमरेतले बधिर करणारे इंजेक्शन कधी दिले, हे आजही आठवत नाही. ऊसतोड टोळीला दिलेल्या उचलीचा हिशेब तोंडाने चालू होता, असे सिस्टरांनी नंतर सांगितले. दुपार कलता पायांना मुंग्या आल्या आणि मागोमाग जांघेत कळ सुरू झाली. अंगात गुंगी अजून होतीच. पेशंट शांत पडलाय म्हणून वेदनाशामक द्यायला उशीर झाला. कण्हणे ऐकून पुतण्याने सिस्टरांना बोलावले. गुंगीतला माणूस शांत दिसतो, एवढेच.

या औषधांकडून आशा ठेवण्याला कारण आहे. ऑपरेशनआधी जास्त घाबरलेल्यांना नंतर दुखतेही जास्त, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पण भीती औषधाने घालवली की दुखणेही घटते, असे सरसकट आढळत नाही. 2015 साली फ्रान्समधल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचणीत याच कुळातल्या लोराझेपामने रुग्णांचे समाधान वाढले नाही. घशातली नळी काढायला उलट वेळ लागला. दुखण्यासाठी आधीच द्यायच्या गॅबापेंटिन वर्गातल्या औषधांचा गाजावाजा बराच झाला. 2020 मध्ये 281 चाचण्या एकत्र तपासल्यावर त्यांचा फायदा नगण्य ठरला. क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन वेगळ्या वाटेने काम करतात. त्यांनी अफूवर्गीय औषधांची गरज कमी होते, पण नाडी आणि रक्तदाबही उतरतो.

कळ थोपवतात ती पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक आणि जखमेभोवतीचे बधिरीकरण, तीही कमरेतल्या इंजेक्शनचा अंमल उतरण्याआधी सुरू केली तर. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञाने चार शब्द बोलणेही भीतीवर चांगले चालते; तालुक्याच्या गावी तो एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे धावत असल्याने हे राहून जाते.

रोज दारू किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यांना नेहमीचा डोस पुरत नाही, आणि हीच माहिती घरचे लपवतात. गुंगीच्या औषधावर ट्रॅमाडॉलसारखे औषध पडले तर श्वास मंदावू शकतो. म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो. गुंगीत ऐकलेले आठवत नाही, म्हणून पथ्य, औषधांच्या वेळा, टाके काढायची तारीख हे सारे त्या दिवशी रुग्णाला नव्हे, सोबतच्या माणसाला सांगावे आणि कागदावर लिहून द्यावे.